पाच रेघांवरचे सूर

सूर कागदावर मांडता येतो, हे आपल्याकडे अजून पुष्कळांना पटत नाही. गाणे गळ्यातून गळ्यात जावे, वहीत गेले की ते मेले, असे मानणारे गवई मी ऐकले आहेत. त्यांचे गाणे चालू असेतोवर त्यांचे म्हणणे खरेही वाटते. पण पन्नाशी उलटल्यावर हौसेने पियानोपुढे बसलो आणि त्या पाच रेघांचा इतिहास चाळू लागलो, तेव्हा ध्यानात आले की हे भांडण आपले एकट्याचे नाही. ते हजार वर्षांचे आहे.

इटलीत अकराव्या शतकाच्या आरंभी ग्विदो नावाचा एक मठवासी साधू होऊन गेला. पोम्पोसाच्या मठात तो स्तोत्रगायन शिकवी. त्या काळी स्तोत्राच्या शब्दांवर बारीक खुणा करीत. सूर चढला की उतरला एवढे त्यांवरून कळे. किती चढला, ते नेमके कळत नसे. म्हणजे ज्याला चाल आधीच पाठ, त्यालाच त्या खुणांचा उपयोग! दहा वर्षे घोकूनही गायक तयार होत नाही, अशी ग्विदोची तक्रार होती. रेघांची कल्पना त्याच्या आधीही डोकावली होती. त्याने ती पक्की केली. एक रेघ तांबडी, एक पिवळी, आणि रेघ व मधली जागा ह्या दोहोंना ठराविक सूर. संत जॉनच्या एका लॅटिन स्तोत्राचे सहा चरण एकेक सूर वर चढत सुरू होतात. त्यांची आद्याक्षरे घेऊन त्याने सुरांना नावे दिली: उत्, रे, मी, फा, सोल, ला. ‘उत्’चा ‘दो’ पुढे झाला, सातवा ‘सी’ही मागाहून आला. (आपल्या ‘रे’शी त्यांचा ‘रे’ जुळतो, म्हणून नाती जोडणारे विद्वान आहेत. मला ती नाती पटत नाहीत.)

दहा वर्षांचे काम वर्षा-दोन वर्षांत होऊ लागले. बक्षीस काय मिळाले? मठातल्या बांधवांचा मत्सर! ग्विदोला पोम्पोसा सोडून अरेझ्झोस जावे लागले. पुढे पोप एकोणिसाव्या जॉनने त्याला रोमला बोलावले, आणि पूर्वी कधी न ऐकलेला एक चरण कागदावर पाहून स्वतः गाऊन दाखविला. सगळे मर्म ह्यात आहे. गुरू समोर नसताना सूर शिष्याच्या हाती आला.

नवशिक्याने त्या पानाला भिऊ नये. वरच्या पाच रेघांपुढचे वेटोळे ज्या रेघेला विळखा घालते, ती खालून दुसरी, तिथे सोल. खालच्या संचापुढील दोन टिंबांमधली रेघ फाची. दोहोंच्या मध्ये एका आखूड रेघेवर मधला दो. पियानोला हे दोन संच लागतात. गिटारचे एकावर भागते, फक्त लिहिल्यापेक्षा ती एक सप्तक खाली वाजते.

आपल्याकडे वकिली करणाऱ्या भातखंड्यांनी (१८६०–१९३६) हाच उद्योग आरंभिला. कोमल सुराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली बिंदू, ताराला वर. पलुसकरांनी आपली लिपी वेगळी केली. मींड आणि आंदोलन ह्यांची खरी चव ह्यांत उतरत नाही, हा आक्षेप मला मान्य आहे. पण न लिहिल्यामुळे किती चिजा उस्तादांबरोबरच गेल्या!

गोव्यात मात्र हा वाद नव्हताच. तिथल्या चर्चच्या शाळांतून खेड्यातली पोरे पिढ्यान्‌पिढ्या सोल्फेजो शिकली, व्हायोलिन शिकली, आणि पोटासाठी मुंबईस आली. चित्रपटांच्या स्टुडिओंत संगीतकार पेटीवर चाल सुचवी. ती पन्नास वादकांपुढे पाच रेघांवर मांडून ठेवी तो गोवेकर साहाय्यक. सेबॅस्टियन डिसोझा त्यांतलेच. नाव मोठ्या अक्षरांत झळके ते संगीतकाराचे.

माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस ह्यांनी १९५८ साली मुंबईत राग आणि पाश्चात्त्य वाद्यवृंद एकत्र आणणारे कार्यक्रम केले. प्यारेलाल त्यांचे शिष्य. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’मधल्या गाण्याने ते नाव देशभर तोंडी झाले, आणि ते गुणगुणणाऱ्या पुष्कळांना वाटले, सिनेमावाल्यांनी ते कल्पनेतूनच काढले असावे.