खापराची कड



नांगरट चालू असताना फाळाला काहीतरी खट्कन लागते आणि खापराचा तुकडा वर येतो. आपण तो उचलून बांधावर भिरकावतो. पोरांच्या हाती लागला तर लगोरीत जातो. पूर्णाकाठच्या गावांतून, शेगाव-संग्रामपूरकडच्या रानांतून, असे तुकडे पुष्कळ निघतात. म्हणून त्यांची नवलाई कुणालाच वाटत नाही. पण आज तुम्हांला एकच विनंती आहे. तो तुकडा भिरकावण्याआधी त्याची मोडलेली कड एकदा उजेडात धरून पाहा.

काय दिसते? बाहेरून तांबडा पट्टा, आतून तांबडा पट्टा, आणि मधे राखाडी किंवा काळी रेघ. पुरणपोळी मोडल्यावर पुरण दिसावे तशी. ही रेघ कुणी मुद्दाम भरलेली नसते. ते काम विस्तवाचे. मातीत लोखंडाचा अंश असतो. भाजताना हवा मिळाली की लोखंड गंजल्यासारखे तांबडे होते; हवा मिळाली नाही तर काळे-राखाडी राहते. शिवाय मातीत कालवलेली लीद, भुसा, शेण यांचा कोळसा पोटात अडकून बसतो. आवा चांगला पेटला, झळ पुरेशी वेळ राहिली, तर तो कोळसा जळून जातो आणि कड सबंध तांबडी निघते. घाईने भाजलेल्या भांड्याची रेघ जाड राहते. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीच्या एका कुंभाराला त्या दिवशी सरपण पुरले की नाही, याचा थोडाफार अंदाज या कडेवरून येतो. ज्यांनी एक अक्षरही मागे ठेवले नाही, त्यांची एवढीच काय ती दप्तरे.

आता गंमत पाहा. आपल्याकडे जी गोष्ट विस्तवाच्या लहरीने होते, ती काही देशांतल्या कुंभारांनी हेतूने केली. चीनमध्ये तांग घराण्याच्या काळात, म्हणजे इ. स. ६१८ ते ९०७ या काळात, दोन रंगांच्या माती एकावर एक रचून, मळून, त्यांची लाकडाच्या शिरांसारखी नक्षी भांड्याच्या अंगातच उतरवीत. जपानात या कामाला नेरिकोमी म्हणतात आणि ते आजही चालते. इंग्लंडच्या स्टॅफर्डशायर परगण्यात अठराव्या शतकात अकीक दगडासारखी दिसणारी भांडी याच युक्तीने होत.

ही युक्ती आपल्या मायबहिणींना समजावून सांगावी लागणार नाही. अळूवडी करताना पानावर पीठ, पिठावर पान, पुन्हा पीठ असे थर लावतात, गुंडाळी करतात आणि उकडून काप पाडतात; प्रत्येक कापावर तेच चक्र उमटते. मातीचेही तसेच. रंगीत मातीच्या पोळ्या लाटायच्या, एकावर एक ठेवायच्या, गुंडाळायच्या, तारेने काप पाडायचे आणि ते काप शेजारीशेजारी दाबून वाटी किंवा ताटली घडवायची. हे काम हाताने किंवा साच्यावरच साधते. चाकावर घातले की रंग एकमेकांत ओढले जातात आणि रेखीव नक्षीचा घोळ होतो. रंग वरून लावलेला नसल्यामुळे भांडे घासून झिजले तरी नक्षी जात नाही.

यात खरी मेख आहे ती वाळवणात. वैशाखात आपल्या काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि शेजारच्या मुरमाड बरडाला पडत नाहीत, हे तुम्ही दरसाल बघता. प्रत्येक माती आपल्या चालीने आकसते. अशा दोन माती एकाच भांड्यात नांदवायच्या म्हणजे त्यांची चाल जुळली पाहिजे; नाहीतर सांध्यावर भांडे उकलते. म्हणून जाणता कारागीर माती एकच घेतो आणि तिच्या एका वाट्यात रंग कालवतो. गुरुजी, हा प्रयोग शाळेत सहज होण्यासारखा आहे. शाडूची माती घ्या, निम्मी तशीच ठेवा, निम्मीत गेरू मळा. थर, गुंडाळी, काप, आणि पालथ्या वाटीवर दाबून छोटी परळ करा. सावलीत, ओल्या फडक्याखाली, सावकाश वाळवा. भाजली नाही तरी चालेल. एका तासात मुलांना मातीविषयी जे कळेल ते चार पानांच्या धड्याने कळायचे नाही.

आपल्या कुंभाराने रंगीत माती भांड्याच्या पोटात घालण्यापेक्षा अंगावर चढवणे पसंत केले. भांडे थोडे सुकले की गाळून घेतलेल्या बारीक मातीचा, गेरूचा किंवा कावेचा पातळ लेप द्यायचा. चाकावर बहुधा पुरुष बसतो, पण माती मळणे, लेप देणे, वाळत घालणे ही कामे घरातल्या बायाच उरकतात. सिंधू संस्कृतीच्या लोकांनी या लेपातही एक करामत केली होती. मोहेंजोदडो, लोथल, सुरकोटडा येथे सापडलेल्या काही भांड्यांवर एका रंगाच्या लेपावर दुसऱ्या रंगाचा लेप दिलेला आहे, आणि वरचा लेप ओला असतानाच फणीसारख्या हत्याराने ओढून काढला आहे. जिथे फणी फिरली तिथे खालचा रंग उघडा पडला, बाकी ठिकाणी वरचा राहिला. नक्षी काढली ती रंग लावून नव्हे, रंग काढून! आपल्याकडे ओल्या भिंतीवर बोटे ओढून नक्षी करतात, त्याच जातीची ही कल्पना.

महाराष्ट्रापुरते बोलायचे तर जोर्वे हे नाव लक्षात ठेवावे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यात संगमनेरजवळ हे गाव आहे. तेथे १९५०-५१ साली उत्खनन झाले आणि तांबड्या अंगावर काळ्या रेघांची नक्षी असलेली भांडी उजेडात आली. तिरप्या रेघा, जाळी, चौकटी असा सगळा भूमितीचा कारभार. अंग पातळ, भाजणी पक्की. टिचकी मारली तर खणखणीत वाजावे अशी. पुढे तशीच भांडी नेवासे, दायमाबाद, पुण्याकडचे इनामगाव अशी जिथे तिथे निघू लागली, आणि इ. स. पूर्व सुमारे १४०० च्या पुढे काही शतके या मुलखात शेती करणाऱ्या त्या सगळ्या वस्त्यांना या एका गावाचेच नाव पडले. आपण वऱ्हाडकरांनी हे फक्त घाटावरचे वैभव समजू नये. अमरावती जिल्ह्यातले तुळजापूर गढी हे ठिकाण आपल्याच पूर्णेच्या खोऱ्यात आहे. तेथे १९८४-८५ साली केंद्र सरकारच्या पुरातत्त्व खात्याने खोदले, तेव्हा हीच रंगवलेली भांडी मिळाली.

इनामगावचे उत्खनन १९६८ पासून १९८३ पर्यंत चालले. हसमुख सांकलिया, मधुकर ढवळीकर, झैनुद्दीन अन्सारी ही त्यामागची मोठी माणसे. तेथे कुंभाराची भट्टी सापडली. आणि घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची दफने सापडली. दोन मडकी आडवी ठेवून तोंडाला तोंड लावलेली, आणि आत बाळाची हाडे. ही दफनाची मडकी त्या सुबक, चाकावरच्या भांड्यांपैकी नाहीत. ती हाताने घडवलेली, जाडसर, राखाडी. शेजारी मात्र नक्षीची वाटी, तोटीचे भांडे ठेवलेले असे. रोजच्या वापराला सुंदर भांडे करणाऱ्या लोकांनी लेकरासाठी हाताने वळलेले जाडेभरडे मडके का घेतले, याचे उत्तर माती देत नाही. मला तरी तो ओबडधोबडपणा निष्काळजीचा वाटत नाही.

त्यानंतरच्या काळात, लोखंड आले तेव्हा, विदर्भात आणखी एक प्रकार दिसतो: काळी-तांबडी भांडी. बाहेरून तांबडी, पण आतून आणि काठाला काळीकुळकुळीत. दोन रंग, पण माती एकच आणि आवाही एकच. भांडे पालथे घालून भुसा-पाचोळ्यात भाजले की काठ आणि पोट यांना हवा मिळत नाही, म्हणून ती काळी पडतात. उघडी पाठ तांबडी होते. नागपूरकडे माहुरझरी, नायकुंड येथील दगडांच्या वर्तुळांखाली अशी भांडी मिळाली आहेत, आणि त्यांच्याबरोबर अभ्रकाचा चुरा असलेल्या मातीची तांबडी भांडीही. उन्हात धरली की ती अजून चमचमतात.

आता आपल्या घरी येऊ. संग्रामपूर तालुक्यात, पूर्णेच्या काठी, भोन हे गाव आहे. एकविसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तेथे खोदकाम केले. विटांचा बौद्ध स्तूप निघाला. मौर्य-सातवाहन काळातली, म्हणजे दोन हजार वर्षांहून जुनी, नांदती वस्ती निघाली. आणि एकीजवळ एक अशा कितीतरी कड्यांच्या विहिरी निघाल्या. भाजलेल्या मातीची मोठमोठी कडी एकावर एक खड्ड्यात उतरवून केलेली ही विहीर. एवढे कडे चाकावर उचलत नाही. मातीच्या वळ्या करायच्या, गोल लावायच्या, बोटांनी सांधायच्या, थापटायच्या, पुन्हा वळी. म्हणजे हे सगळे हातकाम. असे एक कडे न तडकता भाजून काढायचे म्हणजे खेळ नव्हे, आणि येथे तर त्यांच्या चळती लावल्या आहेत.

भोन आपल्या खारपाणपट्ट्यात येते, हे तुम्हांला सांगायला नको. अकोला, अमरावती आणि आपल्या जिल्ह्याच्या या पट्ट्यात विहीर खणली तरी पाणी मचूळ, पिण्याला नको आणि पिकालाही नको. त्या भूमीवर दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी पाण्यासाठी इतकी खटपट केली होती, ही गोष्ट या भागातल्या माणसाला जितकी कळेल तितकी पुण्या-मुंबईच्या पंडिताला कळणार नाही.

आणि आता त्याच पाण्याचा प्रश्न भोनपुढे उभा आहे. पूर्णेवरच्या जिगाव प्रकल्पाच्या बुडीत क्षेत्रात भोनचा परिसर येतो. धरण नको असे कोण म्हणेल? खारे पाणी प्यायलेल्या गावांनी तर मुळीच म्हणू नये. पण पाणी यायच्या आधी जमीन नीट वाचून घेणे हेही सरकारचेच काम आहे. आंध्रात कृष्णेवर नागार्जुनसागर बांधायचे ठरले तेव्हा १९५४ ते १९६० अशी सहा वर्षे नागार्जुनकोंड्याचे खोरे खणून काढले. स्तूप-विहारांचे अवशेष उचलून टेकडीवर नेले. ती टेकडी आज जलाशयातले बेट आहे आणि तेथे संग्रहालय आहे. भोनचा खोदलेला भाग सगळ्या पांढरीच्या मानाने थोडा आहे. उरलेली पांढरी पाण्याखाली गेली की तिची पाने पुन्हा उलटता येणार नाहीत.

पांढरी म्हटले म्हणून सांगतो. आपले जुने लोक गावाची जमीन दोन शब्दांत मोजत: काळी आणि पांढरी. पिकते ती काळी, माणसे राहतात ती पांढरी. पिढ्यान्‌पिढ्या चुलीची राख, शेण, पडक्या भिंती, फुटकी मडकी एकावर एक साचून ही पांढरी चढते. तिला कस असतो, म्हणून शेतकरी तिच्या गाड्या भरून रानात टाकतात, भिंतींना लिंपतात. हे पूर्वापार चालत आले आहे. पण पूर्वी बैलगाडीने खोरे-खोरे माती जाई. आता यंत्र लावले की एका दुपारी सबंध टेकाड सपाट होते. खापरे शेतात पसरतात खरी, पण कोणते कोणत्या थरातले हे समजण्याची सोय राहत नाही. जागेवेगळे झालेले खापर म्हणजे पाटीवर पुसलेली बेरीज.

म्हणून गुरुजी, मुलांना घेऊन पांढरीवर जाल तेव्हा कुदळ नेऊ नका. खणणे हे आपले काम नाही. पावसाळ्यानंतर घळीत जे उघडे पडले असेल तेवढेच पाहा. नक्षीचे, दोन रंगांचे किंवा मोठ्या कड्याचे खापर दिसले तर चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहा: गाव, गट क्रमांक, नदी-नाल्यापासूनचे अंतर, दिवस, आणि जमिनीच्या वर सापडले की घळीच्या कडेत, कडेत असेल तर किती हातांवर. कडेत रुतलेले असेल तर ओढू नका. तसेच ठेवून तहसील कचेरीला किंवा राज्याच्या पुरातत्त्व खात्याला कळवा. सुटे पडलेले असेल तर साध्या पाण्याने धुवा, घासू नका, कारण लेप कावेचा असला तर निघून जाईल. सावलीत वाळवा आणि चिठ्ठीसकट कापडी पिशवीत ठेवा. पिशवीवरही तोच मजकूर लिहा. चिठ्ठी उंदीर खातात.