कारंजा लाड

वाशीम जिल्ह्यातील तालुक्याचे ठाणे, वऱ्हाडातील कापसाची जुनी पेठ आणि दत्तसंप्रदायाचे एक प्रमुख क्षेत्र. लोकसंख्या ६८ हजारांच्या आसपास (२०११). वाशीम, अकोला, अमरावती आणि यवतमाळ ही चारही जिल्ह्यांची ठाणी येथून साधारण ६० ते ८० किमी. अंतरावर आहेत, आणि गावाचा इतिहास, व्यापार व रोजचा व्यवहार या मध्यावरच्या जागेने घडवला आहे. वर्धा जिल्ह्यात नागपूर-अमरावती मार्गावर कारंजा (घाडगे) आणि रायगड जिल्ह्यात उरणजवळ आणखी एक कारंजा आहे. त्यामुळे एसटीत बसण्यापूर्वी पाटी पूर्ण वाचावी.

करंज ऋषींना दुर्धर रोग जडला, त्यांनी देवीची आराधना केली, देवीने त्यांच्यासाठी तळे निर्माण केले आणि त्यात स्नान करून ते व्याधीमुक्त झाले, अशी गावाची मूळकथा सांगतात. ते तळे म्हणजे आजचा ऋषी तलाव. बेंबळा नदीचा उगम याच परिसरातला. सारंग तलाव हे गावाचे दुसरे जुने जलस्थान. ‘लाड’ हे उपपद लाट देशातून, म्हणजे दक्षिण गुजरातेतून, येऊन येथे स्थिरावलेल्या लाड व्यापाऱ्यांवरून पडले असे मानतात. जुन्या लिखाणात ‘कारंजा बीबी’ हे नावही येते. निजामशाही घराण्यातील राजकन्येला हे गाव आंदण मिळाले होते, अशी त्यामागची परंपरा आहे.

जुने गाव चार वेशींच्या आत वसले होते: दिल्ली वेस, दारव्हा वेस, मंगरूळ वेस आणि पोहा वेस. कोणता रस्ता कुठे जातो हे वेशीच सांगत. दारव्ह्याची वेस पूर्वेकडच्या कापूस मुलखाकडे, मंगरूळची पैनगंगेच्या बाजूला, आणि दिल्ली वेस उत्तरेच्या लांबच्या वाटेवर. तटबंदी बहुतेक नाहीशी झाली, वस्ती वेशींबाहेर चौफेर पसरली, तरी पत्ता सांगताना माणसे अजून वेशीचेच नाव घेतात. कारंजा समजून घ्यायचे तर सुरुवात एखाद्या वेशीतून आत पायी शिरूनच करावी. आतल्या गल्ल्या अरुंद आहेत, आणि सागवानी खांबांची जुनी घरे नव्या सिमेंटच्या इमारतींमध्ये अधूनमधून दिसतात.

सतराव्या शतकात हे गाव किती सधन होते याची साक्ष एका स्वारीतून मिळते. १६७० च्या अखेरीस, वणी-दिंडोरीच्या लढाईनंतर, शिवाजी महाराजांच्या फौजेने वऱ्हाडात शिरून कारंजा लुटले. उंची कापड, सोने आणि चांदी मिळून सुमारे एक कोटीची लूट चार हजार बैल व गाढवांवर लादून नेली, असे जदुनाथ सरकारांनी नमूद केले आहे. मोगली अमलाखालच्या पेठेला बसलेला हा जबर तडाखा होता. त्याच काळात जैन यात्रेकरू शीलविजय याने आपल्या ‘तीर्थमाला’त कारंज्याच्या बघेरवाल धनिकांच्या वैभवाचे वर्णन केले. एका व्यापाऱ्याचा उंटांवर लादलेला कस्तुरीचा सगळा माल येथल्या सावकाराने एकरकमी विकत घेतला आणि आपल्या हवेलीच्या चुन्यात कालवला, ही कथा गावात आजही सांगितली जाते. कथा खरी असो वा नसो, गावाला स्वतःच्या श्रीमंतीची आठवण कशी ठेवावीशी वाटते, हे तिच्यातून कळते.

बाहेरच्या यात्रेकरूला कारंजा माहीत असते ते गुरुमंदिरामुळे. सरस्वती गंगाधरांच्या ‘गुरुचरित्रा’नुसार दत्तावतार मानले जाणारे श्रीनृसिंहसरस्वती (१३७८–१४५९) यांचा जन्म येथे माधव आणि अंबा या दांपत्यापोटी झाला. बाळ ओंकाराखेरीज काही बोलत नसे. मौंजीबंधनानंतर त्याच्या मुखातून वेद प्रकट झाले, मग आईची समजूत घालून ते काशीला गेले आणि संन्यास घेतला. पुढे तीर्थयात्रा करीत ते एकदा कारंज्याला परतले आणि आईवडिलांना भेटले. ग्रंथातील अकरावा ते तेरावा हे अध्याय या भागासाठी वाचावेत. त्यानंतरचे त्यांचे आयुष्य औदुंबर, नरसोबाची वाडी आणि गाणगापूर येथे गेले. त्या तिन्ही स्थानांची ख्याती शतकानुशतके टिकली, पण जन्मगाव मागे पडले. ते पुन्हा प्रकाशात आणण्याचे श्रेय वासुदेवानंद सरस्वती (टेंबे स्वामी) यांना दिले जाते. १९३४ मध्ये ब्रह्मानंद सरस्वती (लीलादत्त) यांनी येथे मंदिराची स्थापना केली. म्हणजे स्थान जुने, पण आज दिसते ते मंदिर एका शतकाच्याही आतले. जन्मस्थान मानला जाणारा वाडा जवळच आहे, आणि मंदिरातून निघालेला भाविक सहसा तिकडे वळतोच.

पौष शुद्ध द्वितीयेला जन्मोत्सव, माघ वद्य प्रतिपदेला गुरुप्रतिपदा आणि मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंती, या तीन वेळी गाव माणसांनी भरून जाते. एरवी गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी असते. गुरुचरित्राचे सात दिवसांचे पारायण करण्यासाठी पुणे-मुंबईपासून कर्नाटकापर्यंतचे लोक येथे आठवडाभर मुक्कामाला येतात. मंदिराच्या आसपासची नारळ-फुलांची दुकाने, ग्रंथविक्रेते, छोट्या खानावळी आणि पहाटे उघडणारी चहाची टपरी यांचा धंदा त्यांच्यावरच चालतो. मंगळवारी किंवा बुधवारी आलेल्याला मंदिरात निवांत बसता येते, आणि या स्थानाची शांतता खरी कळते ती तेव्हाच.

गावाचा दुसरा वारसा जैन आहे, आणि तो तितकासा प्रसिद्ध नाही याची खंत वाटते. दिगंबर परंपरेतील बलात्कार गण, सेन गण आणि काष्ठासंघ अशा तीन भट्टारक (मठाधिपती) परंपरांची पीठे एकाच गावात असण्याचे उदाहरण विरळाच. तिघांची तीन मंदिरे आहेत. काष्ठासंघाचे मंदिर लाकडी कोरीवकामासाठी पाहण्यासारखे आहे. भट्टारकांनी शतकानुशतके हस्तलिखिते उतरवून घेतली आणि पेट्यांत, फडक्यांत बांधून जपली. १९२६ मध्ये रायबहादूर हिरालाल यांच्या मध्य प्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांच्या सूचीत कारंज्याच्या भांडारांची नोंद झाली, तेव्हा अभ्यासकांचे डोळे विस्फारले. मराठीची पूर्वपीठिका समजण्यासाठी ज्या अपभ्रंश भाषेचा आधार घ्यावा लागतो, तिच्यातले मोठे ग्रंथ येथे सुरक्षित होते. अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजात शिकवणारे डॉ. हिरालाल जैन यांनी या ग्रंथांच्या संपादनाचे काम हाती घेतले, आणि कारंज्याच्या चवरे घराण्याच्या आश्रयाने ग्रंथमाला निघाली. प. ल. वैद्य यांनी संपादित केलेले पुष्पदंताचे ‘जसहरचरिउ’ १९३१ मध्ये प्रसिद्ध झाले. पाठोपाठ ‘सावयधम्मदोहा’, ‘पाहुडदोहा’, ‘णायकुमारचरिउ’ आणि ‘करकंडचरिउ’ हे ग्रंथ डॉ. जैन यांच्या संपादनाने आले. भारतीय भाषांच्या इतिहासावर लिहिणाऱ्याला आजही या पोथ्यांपाशी यावे लागते. कापसाच्या पेठेतील पैसा ग्रंथांवर खर्च झाला, ही कारंज्याने अभिमानाने मिरवावी अशी गोष्ट आहे. १९१८ मध्ये येथेच महावीर ब्रह्मचर्याश्रम हे जैन गुरुकुल सुरू झाले. त्याचे संस्थापक देवचंद शहा पुढे आचार्य समंतभद्र म्हणून ओळखले गेले, आणि कुंभोजजवळच्या बाहुबली येथील गुरुकुलाची प्रेरणाही त्यांचीच.

तरीही या गावाची देशाच्या अर्थव्यवहारातली खरी नोंद बाजाराची आहे. १८५३ पासून वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात होता, पण नावापुरता निजामाचा. कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडून चाले. अमेरिकेतील यादवी युद्धात (१८६१–६५) तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडची पऱ्हाटी आठवली. भुसावळ-नागपूर लोहमार्ग १८६७ पर्यंत पूर्ण झाला आणि जवळच्या मूर्तिजापूरला स्टेशन मिळाले. माल वाढला तशी भेसळ, खोटी मापे, मनमानी कपात आणि दलालांची अरेरावीही वाढली. १८८६ मध्ये रेसिडेन्सीच्या आदेशाने कारंज्याचा कापूस बाजार नियंत्रणाखाली आणण्यात आला. भारतातील पहिला नियंत्रित शेतमाल बाजार तो हाच. १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा झाला, आणि शाही कृषी आयोगाने १९२८ मध्ये देशभर नियंत्रित बाजारांची शिफारस करताना वऱ्हाडचा अनुभव समोर ठेवला. आजच्या बाजार समित्यांचा कायदा (महाराष्ट्रात १९६३) याच वाटेने आला. पहिल्या बाजाराचा हेतू शेतकऱ्याचे भले हा नव्हता. गिरण्यांना स्वच्छ कापूस वाजवी भावात मिळावा हा होता. हे विसरता कामा नये, कारण वजनकाट्यापाशी उभ्या असलेल्या कास्तकाराची तक्रार अजूनही पुष्कळशी तीच आहे.

हंगामात बाजार समितीच्या आवारात उभे राहिले की गावाची नाडी कळते. दसऱ्यापासून सोयाबीन येऊ लागते, दिवाळीच्या सुमारास कापूस, मग तूर, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी हरभरा. ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग रस्त्यावर येते. हर्रास सुरू झाली की व्यापारी मूठभर दाणे तळहातावर घेऊन ओल पाहतात, अडत्या भाव पुकारतो, मापारी काटा लावतो, हमाल पोती उचलतात. चुकारा हातात पडला की शेतकरी तिथूनच बियाण्याच्या किंवा कापडाच्या दुकानाकडे वळतो. पाऊस लांबला किंवा भाव पडला तर त्या वर्षी सराफापासून चपलेच्या दुकानापर्यंत सगळ्यांचाच हात आखडतो. १९०१ मध्ये कारंज्याची वस्ती साडेसोळा हजारांवर होती, त्या वेळी जिल्ह्याचे ठाणे असलेल्या वाशीमपेक्षाही जास्त. ती या बाजारामुळेच.

मूर्तिजापूरहून यवतमाळला जाणारी अरुंदमापी रेल्वे ही या बाजाराचीच संतती. किलिक-निक्सन या ब्रिटिश कंपनीने विसाव्या शतकाच्या आरंभी बांधलेल्या या ११३ किमी. मार्गावर कारंजा हे महत्त्वाचे स्टेशन होते. कापसाच्या गाठी मूर्तिजापूरला मोठ्या गाडीत चढत आणि मुंबई बंदराकडे जात. लोक तिला ‘शकुंतला’ म्हणत. १९९४ पर्यंत ती वाफेच्या इंजिनावर धावली, मग डिझेलवर, आणि आता बंद आहे. गाडी संथ होती, पण तिकीट परवडणारे होते. मजूर, भाजीवाल्या बाया आणि शाळकरी पोरे तिच्यावर अवलंबून होती. रुंदमापी मार्गाची मागणी जुनी आहे, आणि ती रास्त आहे.

आज येथे येणाऱ्याने मूर्तिजापूर (सुमारे ३० किमी.), अकोला किंवा बडनेरा येथे रेल्वेतून उतरून एसटी धरावी. बसस्थानकावरून अकोला, अमरावती, यवतमाळ, वाशीम, मंगरूळपीर आणि दारव्हा या बाजूंना गाड्या मिळतात. खेड्यांकडे जाणारी शेवटची गाडी लवकर सुटते, आणि मग ऑटो किंवा काळी-पिवळीत दाटीने बसूनच जावे लागते. जुना नागपूर-औरंगाबाद रस्ता गावातून जातो. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा खुला झाला आणि कारंज्याजवळ त्याला उतार मिळाला. त्यामुळे मोटारीने नागपूर दोन-अडीच तासांवर आले. मात्र दुचाकी आणि ऑटोंना त्या रस्त्यावर मज्जाव आहे. तालुक्यातल्या माणसाचे येणे-जाणे अजून जुन्या रस्त्यानेच होते.

बोली वऱ्हाडी. मराठीबरोबर दखनी वळणाची उर्दू-हिंदी बाजारात सर्रास ऐकू येते. मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि रमजानच्या संध्याकाळी जुन्या गावातील रस्ते उशिरापर्यंत जागे असतात. पोळ्याला बैल सजतात आणि दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला पोरे लाकडी नंदीबैल घेऊन घरोघर बोजारा मागतात. नाश्त्याला तर्री-पोहे किंवा तर्री ओतलेला आलुबोंडा. घरी ज्वारीची भाकर, झणझणीत पिठले, तुरीच्या डाळीचे वरण. शेतात जेवणावळ असली की गोवऱ्यांच्या आरावर भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी आणि वरून तुपाची धार. वऱ्हाडी पाहुणचारात नको म्हणणे कठीण, म्हणून सकाळी कमीच खाऊन जावे. मे महिन्यात पारा ४३ अंशांच्या पुढे जातो आणि दुपारी बारा ते चार रस्ते ओस पडतात. कामे सकाळी उरकावीत. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा यायला उत्तम काळ. तालुक्यात अडाण नदीवर धरण आहे, तरी कडक उन्हाळ्यात घरोघरी पाणी साठवून ठेवण्याची सवय सुटलेली नाही.

गावाजवळच कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्य (१८.३२ चौ.किमी., स्थापना २०००) आहे. दाट जंगलाची अपेक्षा ठेवून येणारा निराश होईल. हे गवताळ माळरान आहे, आणि काळविटांना तेच लागते. सकाळी लवकर गेल्यास कळप दिसतात. आसपासच्या शेतकऱ्यांना हरणे, रोही (नीलगाई) आणि रानडुकरे यांच्यापासून पीक राखण्यासाठी रात्री वावरात जागावे लागते. अभयारण्य पाहताना त्यांच्या बाजूचाही विचार व्हावा. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी, बंजारा समाजाचे श्रद्धास्थान, येथून मोटारीने जाऊन-येऊन एका दिवसात होते.

बहुतेक यात्रेकरू सकाळी दर्शन घेऊन दुपारच्या गाडीने शेगावकडे निघतात. तसे करू नये. एक रात्र मुक्काम ठेवावा, संध्याकाळी दिल्ली वेशीपासून दारव्हा वेशीपर्यंत पायी जावे, काष्ठासंघाच्या मंदिरातील लाकूडकाम पाहावे, आणि हंगाम असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाजार समितीत हर्राशीच्या वेळी हजर राहावे.