उतार आणि उतारू

रेल्वेच्या फलाटावर ‘उतारू’ हा शब्द आपण इतकी वर्षे ऐकला, की त्याचे पाण्याशी किती जवळचे नाते आहे ते ध्यानात येत नाही. जुन्या मराठीत नदी ‘उतरतात’, म्हणजे ओलांडतात. नदीला ‘उतार’ असणे म्हणजे पायी पलीकडे जाता येईल इतपत पाणी असणे. आणि उतार म्हणजे ढाळ, हा अर्थ तर रोजचाच. प्रस्तुत लेखाचा विषय या दोन अर्थांच्या मधोमध आहे. जिथून होडी पाण्यात जाते आणि पाण्यातून वर येते, तो जमिनीचा तिरका तुकडा. इंजिनिअर त्याला रॅम्प किंवा स्लिपवे म्हणतात. आपल्याकडे बंदरांवर आणि धक्क्यांवर बरेच लिहिले गेले. उतारावर फारसे नाही. बहुधा त्यावर कोनशिला बसवता येत नाही म्हणून.

धक्का आणि उतार यांतला फरक आधी सांगायला हवा. धक्का एका ठरावीक उंचीवर असतो, पाणी नसते. मुंबईला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीचा फरक चार मीटरच्या आसपास जातो. म्हणजे सकाळी जी लाँच धक्क्याच्या काठाशी टेकलेली असते, तीच दुपारी एका मजल्याहून जास्त खाली गेलेली असते. मग पायऱ्या येतात, पायऱ्यांवर शेवाळ येते, आणि खलाशाचा हात धरून उडी मारणे येते. उताराला ही अडचण नाही. पाणी कुठेही असो, जमीन आणि पाणी यांची गाठ उतारावर कुठेतरी पडतेच. त्याची किंमत मात्र लांबीत मोजावी लागते. आठास एक असा ढाळ धरला, तर चार मीटर चढउतारासाठी आडवे बत्तीस मीटर लागतात. ओहोटीच्या पाण्याखाली आणखी एक मीटर खोली हवी, त्याचे आठ मीटर. झाले चाळीस. दक्षिण कोकणात चढउतार दोन-सव्वादोन मीटरवर येतो, तिथे पंचवीस-सव्वीस मीटरांत काम भागते. उत्तर कोकणात धक्के आणि दक्षिणेत पुळणी असे जे चित्र दिसते त्यामागे व्यापार आहे, सरकार आहे, आणि हा हिशोबही थोडाबहुत असावा असे मला वाटते.

निसर्गाने बांधलेला उत्तम उतार पाहायचा तर हर्णैला जावे. मासळीच्या होड्या किनाऱ्यापासून थोड्या अंतरावर उभ्या राहतात आणि बैलगाड्या थेट पाण्यात शिरून टोपल्या उचलून आणतात. पर्यटक त्याचे फोटो काढतात. मी मात्र त्या वाळूकडे पाहतो. चाके रुतू नयेत इतकी ती घट्ट आहे, आणि बैलांच्या छातीपर्यंत पाणी आले तरी पाय टेकतील इतका तिचा ढाळ सौम्य आहे. याच किनाऱ्यावर आगबोटींच्या काळात मोठी बोट बाहेर खोल पाण्यात थांबे, उतारू पडावात उतरत, आणि पडाव टेकला की शेवटचे काही हात खलाशाच्या खांद्यावर बसून जात. हर्णै, रत्नागिरी, जैतापूर, देवगड, मालवण, वेंगुर्ले, कोकणातल्या आठवणींच्या पुस्तकांत हा खांद्यावरचा प्रवास हमखास भेटतो, आणि तो गमतीचा म्हणून सांगितलेला असतो. ज्याच्या खांद्यावर बसले त्याची आठवण कुणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही.

मराठा आरमाराला हे गणित चांगले ठाऊक होते. विजयदुर्गाजवळ गिर्ये गावाच्या हद्दीत, वाघोटन खाडीच्या बाजूला, खडक कोरून केलेली गोदी आजही दिसते. आनंदराव धुळपांच्या काळातली ही गोदी सुमारे साडेतीनशे फूट लांब आणि सव्वादोनशे फूट रुंद आहे. भरतीला जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी निघून गेले की ते जागीच टेकते, मग तळ खरवडा, फळ्या बदला, आणि पुढच्या मोठ्या भरतीला बाहेर काढा. पंप नाही, यारी नाही. सगळे काम चंद्राकडून करून घेतलेले. पण ती आरमाराची जागा. कोळ्याच्या होडीला तिथे जागा असेल, असे समजण्याचे कारण नाही.

इथून प्रश्न सुरू होतो तो ‘सार्वजनिक’ या शब्दाचा. मुंबईतला भाऊचा धक्का लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी एकोणिसाव्या शतकात बांधला. सामान्य उतारूला कोरड्या पायाने उतरता यावे ही त्यामागची मोठी गोष्ट. (आजचा धक्का त्या मूळ जागी नाही, नाव मात्र लोकांनी सोबत नेले.) पुढे पूर्व किनाऱ्यावर भराव घालून धक्के बांधणारी एल्फिन्स्टन लँड अँड प्रेस कंपनी इतकी वाढली, की शहराचे सारे बंदर एका खाजगी कंपनीच्या मुठीत जाईल ही भीती सरकारलाच वाटू लागली. १८७०च्या आसपास सरकारने कंपनीची मालमत्ता विकत घेतली आणि १८७३ साली पोर्ट ट्रस्ट स्थापन झाला. पाण्याकडे जाणारी वाट कुणा एकाच्या मालकीची असू नये, हे तत्त्व मुंबईत असे पैसे मोजून मान्य झाले. व्यापारापुरते.

हौशी नौकानयनाची गोष्ट वेगळी. रॉयल बॉम्बे यॉट क्लब १८४६चा. अपोलो बंदरासमोरच्या पाण्यात गोऱ्या साहेबांच्या शिडाच्या होड्या फिरत आणि हिंदी माणसाला क्लबात दीर्घकाळ प्रवेश नव्हता. होडी विकत घेणे ही फार अवघड बाब नव्हती, निदान शहरातल्या श्रीमंतांना तरी. ती पाण्यात कुठून घालायची, हा खरा अडसर. उतार क्लबाचा, लष्कराचा किंवा बंदराचा. १९२४ साली गेटवे ऑफ इंडिया उभे राहिले. राजा पंचम जॉर्जच्या १९११ सालच्या आगमनाची ती आठवण. त्याच्या पायऱ्यांवरून आज हजारो लोक एलिफंटा नि मांडव्याला जातात. एका लाँचला दुसरी, दुसरीला तिसरी बांधलेली असते आणि म्हाताऱ्या बायका पदर खोचून एकीतून दुसरीत पाय टाकतात. कमान राजासाठी होती, पायऱ्याही त्याच मापाच्या.

या विषयावर सर्वांत पद्धतशीर काम झाले ते अमेरिकेत, आणि त्याचे कारण आदर्शवाद नसून मोटारगाडी आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर फायबर ग्लासच्या हलक्या होड्या आणि मागे टांगायची इंजिने स्वस्त झाली. ट्रेलरवर होडी घालून शनिवारी तळ्यावर जाणारा कारखान्यातला कामगार हा नवा प्राणी जन्माला आला. त्याला क्लब नको होता, उतार हवा होता. १९५० च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने मासेमारीच्या साहित्यावरचा कर राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी मिळू लागला. १९८४ च्या वॉलप-ब्रो दुरुस्तीने मोटारबोटींच्या इंधनावरचा करही त्यात आला आणि त्यातला ठरावीक हिस्सा (पुढे तो पंधरा टक्के झाला) लोकांना पाण्यापर्यंत पोचवण्यासाठी राखून ठेवण्यात आला. जो पेट्रोल जाळतो त्याच्याच पैशातून त्याचा उतार. मला हा हिशोब आवडतो. यात कुणाच्या उपकाराचा प्रश्न येत नाही.

या व्यवहारातून जे शहाणपण गोळा झाले ते फार साधे आहे. ढाळ बारा ते पंधरा टक्के. त्याहून कमी असेल तर होडी तरंगायच्या आत गाडीची मागची चाके पाण्यात जातात, खाऱ्या पाण्याने बेअरिंग आणि ब्रेक खराब होतात. जास्त असेल तर टायर घसरतात. काँक्रीट गुळगुळीत नको. ओले असतानाच त्यात तिरप्या चरा ओढायच्या, म्हणजे चाकाला पकड मिळते आणि पाणी, गाळ कडेला वाहून जातो. उताराशेजारी तरंगता फलाट हवा, नाहीतर होडी धरून उभे कुठे राहणार? सर्वांत महत्त्वाचा भाग डोळ्यांना दिसत नाही, तो म्हणजे पाण्याखालचे टोक. पुष्कळ लोक इंजिनाच्या जोरावर होडी ट्रेलरवर चढवतात. त्या वेळी पंख्याचा झोत उताराच्या टोकापलीकडची माती उकरतो, तिथे खड्डा पडतो आणि मागे ढिगारा. पुढे कधीतरी ओहोटीला कुणाच्या तरी ट्रेलरची चाके टोकावरून त्या खड्ड्यात उतरतात आणि अडकतात. म्हणून टोक खोल न्यायचे आणि पायथ्याशी दगड भरायचे. आणि गाडी वळवायला, लावायला जागा. उतार एक आणि गाड्या पन्नास असतील तर भांडण पाण्यावर होत नाही, रस्त्यावर होते.

आपल्याकडे ट्रेलरवाला होडीकर विरळा. पण उतार आला, तो वेगळ्या दाराने. २००३ साली सुवर्णदुर्ग शिपिंगने दाभोळ-धोपावे अशी वाहनांची फेरी सुरू केली. नंतर वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आगरदांडा अशा खाड्यांवर तशाच बोटी धावू लागल्या. सपाट तळाची बोट, पुढचे दार खाली पडते आणि गाडी सरळ बाहेर. महायुद्धात सैन्य किनाऱ्यावर उतरवणाऱ्या बोटींची ही शांत नातलगे. तिला धक्का लागत नाही, काँक्रीटचा एक उतार पुरतो. नाक त्यावर टेकवून तांडेल इंजिन पुढे रेटत ठेवतो, तेवढ्यात मोटारसायकली, एसटीतून उतरलेली माणसे, आंब्याच्या पेट्या सगळे चढते-उतरते. कुणाला खांद्यावर घ्यावे लागत नाही. गुहागरहून दापोलीकडे जाणाऱ्याचा खाडीला घालावा लागणारा लांबलचक वळसा वाचला. कोकणच्या गेल्या पाव शतकाच्या इतिहासात या तिरक्या काँक्रीटला मोठ्या पुलांइतकी जागा द्यायला हवी, असे माझे मत आहे. मार्च २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला रो-रो बोट सुरू झाली, म्हणजे मुंबईलाही अखेर उताराचीच वाट घ्यावी लागली.

पण या उतारांवर आपली होडी घेऊन येणाऱ्याला जागा कितपत आहे? फेरीच्या वेळापत्रकात त्याचा विचार नाही. २०२५ साली मुंबईत रेडिओ क्लबजवळच्या नव्या जेटीचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. वाहतूक, वारसा, गर्दी यांवर वर्तमानपत्रांतून भरपूर चर्चा झाली. एखाद्या कोळ्याच्या पोराने किंवा कॉलेजातल्या मुलीने आपली छोटी शिडाची होडी कुठून पाण्यात घालावी, ही बाब त्या चर्चेत माझ्या वाचनात आली नाही.

समुद्राला निदान वेळापत्रक आहे. धरणाला तेही नाही. कोयनेच्या शिवसागर जलाशयावर बामणोली आणि तापोळा इथून पर्यटकांच्या बोटी सुटतात, वासोट्याला जाणारे गिर्यारोहक त्यांतूनच जातात. पलीकडच्या काठावरच्या गावांना तर बाजारालाही बोटच लागते. हे लोक मुळात खोऱ्यातले, पाणी त्यांच्या शेतावर चढून आले. पावसाळ्याअखेर पाणी काठोकाठ असते, आणि उन्हाळ्यापर्यंत कित्येक मीटर खाली जाते. पायऱ्या जिथे संपतात तिथून पुढे चिखल, आणि चिखलापुढे बोट. पाणी जसे हटते तशी उतरण्याची जागा दर काही दिवसांनी पुढे सरकते, बोटवाले दगड टाकून, फळी टाकून नवी वाट करतात. मे महिन्यात पाहावे तर वरून खालपर्यंत अशा जुन्या वाटांच्या दगडांची रांग उघडी पडलेली असते, आणि तिच्याही खाली, अगदी पाण्यालगत, बुडालेल्या शेतांचे बांध.