बावड्याचा घाट आणि पाडव्याचा सौदा

दिवाळी तोंडावर आली म्हणजे आपला माल गिऱ्हाइकाच्या नजरेस कसा आणावा, ही विवंचना आजच्याच दुकानदाराला पडली आहे असें नाहीं. गगनबावड्याच्या परिसराचा इतिहास पाहिला तर ती फार जुनी आहे असें दिसतें.

कोल्हापूरच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या अगदीं माथ्यावर बावडा वसलेला आहे. येथून एक वाट करूळ घाटानें वैभववाडीकडे उतरते. दुसरी भुईबावडा घाटानें खारेपाटणाकडे जाते. खारेपाटण हें वाघोटन खाडीवरचें जुनें बंदर, आणि त्या खाडीच्या मुखाशीं विजयदुर्ग. कोंकणचें मीठ, नारळ व सुपारी वर चढावी आणि देशावरचा गूळ व धान्य खालीं उतरावें, असा हा व्यवहार होता. परंतु बावड्याचा पाऊस प्रसिद्धच आहे. लमाणांचे बैल पावसाचे चार महिने घाट चढूं शकत नसत. दसऱ्यानंतर वाट वाळे, तेव्हां तांडे हलत. या मुलखांत सणासुदीची उलाढाल केवळ पंचांगानें ठरविली नाहीं. ती पावसानेंही ठरविली.

याच बावड्याला ज्यांच्या घराण्याची जहागीर होती, त्या रामचंद्रपंत अमात्यांनीं १७१५ च्या सुमारास ‘आज्ञापत्र’ सिद्ध केलें. दुर्ग आणि आरमार यांच्याकरितां तें वाचलें जातें. त्यांतील साहूकारांचें प्रकरण मात्र पुष्कळांच्या नजरेतून सुटतें. व्यापारी आपल्या पेठेंत कसा आणावा, याचा त्यांत बारकाईनें विचार आहे. परमुलखांतील साहूकारांचें समाधान करून त्यांना आणावें. ते स्वतः न येत तर त्यांचे मुतालिक आणवून त्यांना सोयीच्या जागा व दुकानें द्यावीं. आणि महोत्सव, विवाह अशा प्रसंगीं त्यांना अगत्यानें बोलावून वस्त्रें व पात्रें द्यावीं, असा त्याचा आशय आहे. सणाचा दिवस हा व्यापाऱ्याशीं नातें जोडण्याचा दिवस होय, हें अमात्यांनीं नेमकें ओळखलें होतें. उणीव काढावयाची तर एवढीच, कीं त्यांच्या डोळ्यांपुढें हत्ती-घोडे, रत्नें व जरीचीं वस्त्रें विकणारा थोर साहूकार आहे. दोन बैलांवर गूळ लादून निघणाऱ्या कुणब्याला मानाचें वस्त्र कोण देणार?

त्या गुळाला मोठी पेठ मिळाली ती पुढें पावणेदोन शतकांनीं. १८९१ त मिरजेहून कोल्हापुरास आगगाडी आली आणि १८९५ त शाहू महाराजांनीं शाहूपुरी पेठ वसविली. व्यापारी बोलावून आणण्याची अमात्यांची ती जुनी नीतीच येथें नव्या रूपानें अवतरली म्हणावयाची. कोल्हापुरी गुळाचें नांव दूरवर पसरलें आणि गुजराथ त्याचें मोठें गिऱ्हाईक बनलें.

दिवाळीच्या पाडव्याला कोल्हापुरांत नव्या हंगामाच्या गुळाचे सौदे मुहूर्तानें निघतात. रव्यांची पूजा होते, बोली चढते, आणि पहिल्या रव्यांना बहुधा नेहमींपेक्षां चढा भाव मिळतो. हंगामाची द्वाही फिरविण्याची याहून प्रभावी युक्ति क्वचितच सांपडेल. व्यापारी खडा मोडून कण पाहतो, रंग पाहतो, जिभेवर ठेवून चव पाहतो. कढईंतला रस भेंडीच्या चिकट रसानें निवळून गुळव्यानें नेमक्या क्षणीं पाक उतरविला असेल तर गूळ स्वतःच आपली वाखाणणी करतो. पण बाजाराला पिवळाधमक रंग आवडूं लागला, तेव्हां तो आणण्यासाठीं कित्येक गुऱ्हाळांत रासायनिक भुकट्या शिरल्या. गिऱ्हाइकाच्या डोळ्याला रिझविण्यासाठीं जिभेची फसवणूक करावयाची, हा धंदा कांहीं थोर म्हणतां येत नाहीं. २०१४ त कोल्हापुरी गुळाला भौगोलिक निर्देशांक मिळाला. आतां कित्येक गुऱ्हाळवाले रसायनाविना केलेला गूळ एक-एक किलोच्या ढेपांत बांधून घरगुती गिऱ्हाइकाला थेट विकतात.

तरीही लहान गुऱ्हाळवाल्याचे हात पुष्कळदां बांधलेलेच असतात. ऊंस उभा असतांनाच त्यानें अडत्याकडून उचल घेतलेली असते. मग माल त्याच अडत्याच्या दुकानीं घालावा लागतो, आणि चार ठिकाणीं भाव विचारण्याची सोय उरत नाहीं. बावड्याकडच्या शेतकऱ्याची अडचण तर आणखी निराळी. गुऱ्हाळाची चूल पेटते ती उसाच्या वाळलेल्या चिपाडावर. परतीचा पाऊस दिवाळीपर्यंत लांबला कीं चिपाड ओलें राहतें, शेतांत गाडी शिरत नाहीं, आणि कढई चुलीवर चढत नाहीं. कोल्हापुरांत मुहूर्ताच्या रव्यांवर चढी बोली लागत असते, त्या वेळीं बावड्याकडील गुऱ्हाळवाला अंगणांत चिपाड पसरून उन्हाची वाट पाहत बसलेला असतो.