छर्ऱ्यांची उंची

पक्ष्यांच्या शिकारीसाठी बंदुकीच्या एकाच बारात शिशाचे शेकडो बारीक गोळे, म्हणजे छर्रे, भरण्याची रीत युरोपात रूढ झाली तेव्हा ते घडवण्याचे साधन अगदी ओबडधोबड होते: शिशाच्या पत्र्याचे बारीक चौकोनी तुकडे कापून ते पिंपात एकमेकांवर घासत फिरवायचे आणि कोपरे झिजतील तेवढ्या गोलाईवर समाधान मानायचे. रॉबर्ट हूकने 1665 साली आपल्या ‘मायक्रोग्राफिया’ या ग्रंथात प्रिन्स रूपर्टची म्हणून जी कृती नोंदवली, तीत भोके पाडलेल्या धातूच्या ताटलीत निखारे ठेवून त्यांच्यातून वितळलेले शिसे पाण्यात गाळले जाई आणि त्या शिशात हरताळ, म्हणजे आर्सेनिक व गंधक यांचे पिवळे खनिज, मिसळलेले असे. आर्सेनिकाच्या अंशामुळे थेंब गोल होण्यास मदत होई. तरी थोड्याच उंचीवरून पडलेला थेंब पुरता गोल होण्याआधीच पाण्यात थिजत असल्याने छर्ऱ्याला एका बाजूने खळगा राही.

हा दोष ब्रिस्टलच्या विल्यम वॉट्सने उंची वाढवून दूर केला. शिशाचे नळ व पत्रे बसवणे हा त्याचा व्यवसाय होता. द्रवाच्या पृष्ठभागाला आकसून घेणारा जो ताण असतो तो मोकळ्या पडणाऱ्या थेंबाला आपोआप गोल करतो, मात्र पाण्याला टेकण्यापूर्वी थेंबाचे कवच हवेतच कडक व्हावे लागते, आणि छर्रा जितका मोठा तितका त्यासाठी वेळही अधिक लागतो. वॉट्सने रेडक्लिफ हिलवरील स्वतःच्या राहत्या घरावरच मनोरा चढवला आणि खाली जमिनीत खोदून पडण्याचे अंतर आणखी वाढवले. 1782 साली त्याला या पद्धतीचे पेटंट मिळाले. ही कल्पना स्वप्नात सुचल्याची आख्यायिका तिथे सांगितली जाते, पण दिवसभर वितळलेले शिसे हाताळणाऱ्या कारागिराला ती सुचण्यासाठी स्वप्नाची गरज असावी असे वाटत नाही. पुढे त्याने बांधकामाच्या व्यवहारात पैसा घातला आणि त्याचे दिवाळे निघाले. मनोरे मात्र पसरत गेले. चेस्टरचा मनोरा 1799 मधला असून आजही उभा आहे, तर बाल्टिमोरचा 1828 मधला मनोरा 234 फूट उंच आहे. तळाशी जमलेले छर्रे उतरत्या फळ्यांवरून सोडत. गोल ते वेगाने घरंगळून पुढे जात, वेडेवाकडे मागे राहत आणि पुन्हा कढईत पडत.

उंचीची ही सक्ती 1961 साली पेटंट मिळालेल्या ब्लीमाइस्टर पद्धतीने संपवली. तीत थेंब जेमतेम इंचभर उंचीवरून गरम पाण्यात पडतो, पाण्यातल्या उतारावरून गडगडताना गोल होतो आणि मग खालच्या पाण्यात थंड होतो. म्हणजे हवेतल्या लांब पडण्याची जागा गरम पाण्यातल्या संथ निवण्याने घेतली. मोकळी काडतुसे घरी पुन्हा भरणाऱ्या अमेरिकी हौशी नेमबाजांची छोटी यंत्रे याच तत्त्वावर चालतात, आणि मोटारीच्या चाकांना तोल साधण्यासाठी लावलेली जुनी वजने ते वितळवतात, कारण त्या मिश्रधातूत कठीणपणा आणणाऱ्या अँटिमनीबरोबर आर्सेनिकाचाही अंश असतो. रूपर्टच्या हरताळाचे काम तिथे भंगारच करते. शिसे विषारी असल्याने पाणपक्ष्यांच्या शिकारीत त्याच्या वापरावर अमेरिकेत 1991 पासून देशभर बंदी आहे, आणि त्याच्या जागी आलेले पोलादी छर्रे घरच्या शेगडीवर वितळण्यासारखे नाहीत.