कंपायलरचे डिफॉल्ट पर्याय व प्रोसेसरभेद

आज्ञेत काही न लिहिता कंपायलर जे पर्याय गृहीत धरतो, त्यांना डिफॉल्ट पर्याय म्हणतात. एकाच कुळातील सर्व प्रोसेसरांना ते चालतीलच असे नाही. अशा वेळी कोणता डिफॉल्ट मागे घ्यायचा आणि कोणता ठेवायचा, हा प्रश्न उभा राहतो.

जीसीसी या कंपायलरमध्ये हे पर्याय कंपायलर बांधतानाच ठरतात. डेबियन या लिनक्स वितरणाच्या, आर्म प्रोसेसरांसाठीच्या ‘आर्मएचएफ’ आवृत्तीसाठी ते चार आहेत : आर्मव्ही७-ए सूचनासंच, थम्ब ही आखूड सूचनांची पद्धत, व्हीएफपीव्ही३ हे फ्लोटिंग पॉइंट एकक आणि ‘हार्ड फ्लोट’, म्हणजे अपूर्णांकी संख्या त्या एककाच्या रजिस्टरांतूनच फंक्शनला देण्याचा नियम. हे पर्याय निवडले जातात एकमेकांच्या भरवशावर. मागे घेतले जातात मात्र सुटे सुटे.

पहिल्या रास्पबेरी पायमधील (२०१२) प्रोसेसर आर्मव्ही६ गटातला. त्याच्यासाठी आज्ञेत आर्मव्ही६ लिहिले, की सूचनासंचाचा डिफॉल्ट बाजूला होतो. थम्ब व हार्ड फ्लोट कायम राहतात. पण या प्रोसेसरवरील थम्ब जुन्या धाटणीचे असून त्यातून फ्लोटिंग पॉइंट एकक वापरता येत नाही. परिणामी ‘थम्ब-१ हार्ड-फ्लोट व्हीएफपी एबीआय’ उपलब्ध नसल्याचे सांगून कंपायलर थांबतो. थम्बऐवजी आर्म ही मूळ सूचनापद्धत स्पष्टपणे मागितली की हा अडथळा दूर होतो. तरीही प्रोग्राम पायवर ‘इलीगल इन्स्ट्रक्शन’ देऊन बंद पडू शकतो, कारण त्याला जोडलेल्या प्रारंभिक फाइली आणि सी लायब्ररी आर्मव्ही७साठीच बांधलेल्या असतात. पायसाठीच्या रास्पबियन या प्रणालीने २०१२ मध्ये डेबियनची पॅकेजे आर्मव्ही६साठी नव्याने बांधली, ती याच कारणाने.

यावर तीन उपाय रूढ आहेत. पहिला, डिफॉल्ट सशर्त ठेवणे : आर्मच्या कॉर्टेक्स-एम प्रोसेसरांना फक्त थम्ब कळते, म्हणून पद्धत सांगितली नसल्यास नवे जीसीसी तेथे स्वतःच थम्ब निवडते. दुसरा, मल्टिलिब : एकाच कंपायलरसोबत प्रत्येक प्रोसेसरभेदासाठी लायब्ररीची वेगळी प्रत देणे. तिसरा, त्या भेदासाठी कंपायलर, लिंकर व लायब्ररी मिळून होणारी संपूर्ण टूलचेन स्वतंत्र बांधणे.

खातरजमा तयार फाइलवरच करावी. ‘रीडएल्फ’ या साधनाने तिची आर्म-वैशिष्ट्ये पाहिली असता, जोडणीत आर्मव्ही७ची एखादी फाइल शिरली असेल तरी तेथे आर्मव्ही७ हीच नोंद आढळते.