फुफ्फुसातल्या गाठी आणि प्रयोगशाळेतली प्रतिपिंडं

तर मंडळी, सारकॉइडोसिस. या आजारात फुफ्फुसात पेशींचे बारीक पुंजके होतात, त्यांना ग्रॅन्युलोमा म्हणतात. क्षयातही ते होतात. म्हणूनच आपल्याकडे अशा रुग्णाला आधी क्षयाचीच औषधं सुरू झाली, असं अजूनही घडतं.

गंमत अशी, की या रुग्णांच्या हातावर ट्युबरक्युलिन टोचलं तर बरेचदा काहीच उमटत नाही. रक्तात टी पेशीही कमी. म्हणजे प्रतिकारशक्ती दुबळी? मग या गाठी बांधतंय कोण?

उत्तर शोधायचं साधन केंब्रिजमधून आलं. १९७५ मध्ये कोलर आणि मिलस्टाइन यांनी प्रतिपिंड तयार करणारी पेशी कर्करोगाच्या पेशीशी जोडली. एकाच जातीचं प्रतिपिंड, हवं तेवढं! (पेटंट घेतलंच नाही, तो किस्सा वेगळा.) मदतनीस आणि मारक टी पेशी सूक्ष्मदर्शकाखाली सारख्याच दिसतात, आता या प्रतिपिंडांनी त्या वेगळ्या ओळखता येऊ लागल्या.

१९८१ मध्ये अमेरिकेत बेथेस्डा इथे हनिंगहेक आणि क्रिस्टल यांनी रुग्णांच्या फुफ्फुसात सलाइन सोडून ते परत ओढून घेतलं आणि त्यातल्या पेशी तपासल्या. आजार जोरात असलेल्यांच्या फुफ्फुसात मदतनीस पेशींची ही गर्दी! रक्तात मात्र त्यांचाच तुटवडा. इतकी वर्षं आपण रिकामं घर तपासत होतो, माणसं कामावर गेलेली.

पुढे गाठींचे काप रंगवले, तेव्हा मधोमध मॅक्रोफेजना खेटून मदतनीस पेशी दिसल्या, मारक कडेला. त्यांना बोलावतं कोण, हे मात्र आजही नक्की ठरलेलं नाही.